बाई आत आहेत

आमच्या विभागात पीएचडीच्या विद्यार्थ्याला दर सहा महिन्यांनी समितीपुढं उभं राहावं लागायचं. कागदोपत्री तिचं नाव संशोधन सल्लागार समिती. आम्ही नुसतं 'समिती' म्हणायचो आणि माझ्या सासूबाई 'तुझी ती कमिटी' म्हणायच्या. मार्गदर्शक, विभागातले आणखी एक प्राध्यापक आणि बाहेरचे एक सदस्य, असे तिघे. सहा महिन्यांत काय वाचलं, काय केलं, कुठं अडलं ते आपण पडद्यावर दाखवायचं, त्यांनी प्रश्न विचारायचे आणि शेवटी अहवालावर शेरा मारायचा. शेरा 'समाधानकारक' पडला की पुढचे सहा महिने सुखाची झोप. पडला नाही तर नोंदणीच धोक्यात, असं आम्ही विद्यार्थी एकमेकांना घाबरवत असू.

मी गडहिंग्लजच्या एका ज्युनिअर कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. लग्न झालं, मुलगी शाळेत जायला लागली आणि मग हे पीएचडीचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं. विषय होता दुधावर चालणाऱ्या घरांतले निर्णय. म्हैस कधी घ्यायची, कधी विकायची, पारडू ठेवायचं की नाही, हे ठरवतं कोण? जनावराचं शेणघाण, वैरण, धारा सगळं बाईच काढते हे आमच्या भागात शेंबडं पोरही सांगेल, त्याला संशोधन कशाला हवं? ठरवतं कोण, एवढंच मला शोधायचं होतं. आजूबाजूच्या गावांतल्या घराघरांत जाऊन मी बायकांच्या मुलाखती घेतल्या होत्या आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्या होत्या.

माझे मार्गदर्शक सर भला माणूस. त्यांच्या विद्यार्थीदशेत मोठमोठ्या लोकांनी त्यांना भर सभेत उभं करून पार सोललं होतं म्हणे. तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं की आपल्या विद्यार्थ्यावर ही वेळ येऊ द्यायची नाही. त्यामुळं व्हायचं काय, की समितीत मला कुणी प्रश्न विचारला रे विचारला, की सर पुढं सरसावायचे. "त्याचं असं आहे..." म्हणून सुरुवात करायचे आणि इतकं सुंदर बोलायचे की मलाच वाटायचं, अरे वा, काम चांगलं झालंय की आपलं! मी शेजारी पॉइंटर धरून उभी. मला त्याचं काही वाटत नव्हतं. उलट बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू.

सर पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. "ही माझी शेवटची विद्यार्थिनी," असं ते भेटेल त्याला सांगायचे, अगदी कँटीनवाल्याला सुद्धा. त्यांच्या निवृत्तीआधी प्रबंध जमा व्हावा, मार्गदर्शक म्हणून त्यावर त्यांचं नाव यावं, ही त्यांची इच्छा होती आणि माझीही. तारीख उलटली तर विभागाच्या रीतीप्रमाणं मी दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर जाणार होते. म्हणून आम्हा दोघांनाही घाई होती.

समितीच्या दिवशीचा नाष्टा ही आम्हा विद्यार्थ्यांची जबाबदारी. कुणी सांगितलेलं नव्हतं, कुठं लिहिलेलंही नव्हतं. पण कोल्हापुरात पाव्हणा आला आणि कोरडा गेला, असं होऊन कसं चालेल? आणि बाहेरचे सदस्य म्हणजे पाव्हणेच. व्हॉट्सॲपवर आमचं आधी ठरायचं, वडे कुणी आणायचे, चहा कुणी सांगायचा. मी पहाटे उठून धपाटे करायची आणि दह्याचा डबा सांभाळत एसटीनं कोल्हापूर गाठायची. एकानं एकदा नृसिंहवाडीहून कवठाची बर्फी आणली, तर त्याचा अख्खा आढावा बर्फीवरच गेला. मंडळी तृप्त होऊन खुर्चीत मागं रेलायची. जिच्या हातचं आत्ताच खाल्लं, तिला कोंडीत कसं पकडायचं? विभागातले दुसरे सर संदर्भसूचीतले स्वल्पविराम तेवढे तपासायचे, बाहेरचे सदस्य 'छान चाललंय, असंच चालू द्या' म्हणायचे आणि सह्या व्हायच्या. माझ्या अहवालांवर एकजात 'समाधानकारक' होतं.

मग आमचे बाहेरचे सदस्य बदलले. त्यांच्या जागी एक निवृत्त प्राध्यापिका आल्या. शेतकऱ्यांना गावोगाव जाऊन सल्ला कसा द्यायचा, हे शिकवण्यात त्यांचा जन्म गेलेला. राहायला कसबा बावड्यात, म्हणून आम्ही मागं त्यांना 'बावड्याच्या बाई' म्हणायला लागलो. स्कूटरवरून आल्या, हेल्मेट धपाट्यांच्या डब्याशेजारी ठेवलं आणि मी झाकण उघडतेय तोवर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. आधी काम, मग खाणं."

मी झाकण परत लावलं.

मी कोष्टकं दाखवली. त्यात 'संयुक्त निर्णय' असा एक रकाना होता आणि बहुतेक घरं त्याच रकान्यात गेली होती. नवरा-बायको मिळून ठरवतात, असा माझा निष्कर्ष निघत होता. सरांना तो फार आवडला होता. बाईंनी कोष्टकाकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"एखादी मुलाखत ऐकवा की," त्या म्हणाल्या.

आजवर हे कुणी मागितलं नव्हतं. मी लॅपटॉपवर हाताला लागली ती लावली. कुत्रं भुंकलं. "या या मॅडम, बसा की," असा पुरुषाचा आवाज आला. मग माझा आवाज. मग घरमालक फॅट किती लागतं, दूधसंस्था दर कसा देते, पशुखाद्य कसं महागलं ते सांगतायत आणि मी 'हो का, हो का' करतेय. मागं भांडी वाजतायत. 'म्हैस विकायचं दोघांनी मिळून ठरवलं ना?' असं मी विचारते आणि मालक 'व्हय तर' म्हणतात. बऱ्याच वेळानं आतून एक बाईचा आवाज येतो, "साखर कमी घालू काय मॅडम?" मी म्हणते, "चालेल." परत मालक.

"ही मुलाखत कुणाची म्हणायची?" बाईंनी विचारलं.

"घरातल्या महिलेची," सर म्हणाले.

"मग ती बाई कुठाय?"

"बाई आत आहेत," मी म्हणाले. "चहा करतायत."

संदर्भवाल्या सरांना हसू फुटलं. मला मात्र घाम फुटला होता. बाईंनी दुसरी लावायला सांगितली. दुसरीत सासू बोलत होती आणि सून आत मिक्सर फिरवत होती. तिसरीत सून खारी आणायला दुकानात गेली होती, ती मुलाखत संपेपर्यंत आलीच नाही.

पाहुणी दारात आली की घरच्या बाईनं उठून आत जायचं आणि चहा ठेवायचा. मीही माझ्या घरी तेच करते. ते इतकं अंगवळणी पडलेलं, की इतक्या घरांत जाऊन मला ते दिसलंच नव्हतं. ज्या बाईला भेटायला म्हणून मी जात होते, ती माझ्याच येण्यानं उठून आत जात होती. वर मी तो चहा पिऊन, चांगला झालाय म्हणून तिला सांगून येत होते.

"त्याचं असं आहे मॅडम," सरांनी सुरू केलं, "ग्रामीण कुटुंबव्यवस्थेचा संदर्भ घेतला तर..."

"सर, तुमी थांबा जरा," बाई म्हणाल्या. "मगापास्नं मी हिला इचारतोय आन् तुमी सांगताय."

त्यांना असं कुणी बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मला बोलायची संधी होती, पण मी पुढचं कोष्टक लावलं. शेवटी बाईंनी शेरा लिहिला: मुलाखती पुन्हा घ्याव्यात, पुढच्या बैठकीत ऐकवाव्यात. 'समाधानकारक' हा शब्द कुठंच नव्हता. सह्या झाल्या, मग बाईंनी दोन धपाटे मागून घेतले, दह्याला नावाजलं आणि हेल्मेट घालून गेल्या.

मला त्या बाईचा असा राग आला म्हणून सांगू! कागल गेलं, निपाणी गेली, तरी मी बसमध्ये मनातल्या मनात तिच्याशी भांडतच होते. हिला काय जातंय सांगायला? हिची का तारीख जवळ आलीय? सरांनी फोन केला. म्हणाले, "काळजी करू नका, थोडी शब्दरचना बदलू, 'कुटुंबाच्या मुलाखती' असं म्हणू, निभावून जाईल." त्या रागात मला तो मार्ग पटलाही होता. पण ती एकच ओळ, साखरेची, डोक्यातून जाईना. दोन दिवसांनी बाईंचाच फोन आला. "रविवारी बावड्याला ये. डबा आणू नको."

गेले. त्यांनी मला घरात घेतलंच नाही. थेट मागच्या गल्लीत नेलं, शेजाऱ्यांच्या गोठ्यापाशी. साखर कारखान्याच्या मळीचा वास सगळीकडं भरून राहिलेला. तिथं उभ्या उभ्या त्यांनी माझी शिकवणी घेतली.

"घरात जायचं न्हाई. बसायचं न्हाई. बसलीस की चहा आला, आन् चहा आला की बाई गेली."

"मग बोलायचं कुठं?"

"गोठ्यात. धारंच्या वक्ताला. हात गुतल्यात तवर उठून जाईल कुठं ती? आन् तू कमी बोल. लई 'हो का, हो का' करतीस."

त्यानंतरचे सहा महिने त्या बाईनं माझा पिच्छा सोडला नाही. समिती म्हणजे वर्षातून दोनदा भरणारी परीक्षा, असं मी समजत होते. ही बाई मधेच कधीही फोन करायची, मुलाखत पाठव म्हणायची, ऐकायची आणि झापायची. "हितं ती थांबली हुती, तू मधीच तोंड घातलंस. परत जा." मी परत जायची. अडचण सांगितली की मात्र कधी टाळलं नाही. एकदा तर स्वतः एसटीनं गडहिंग्लजला आल्या आणि दिवसभर माझ्याबरोबर वैरणीच्या भाऱ्यांमधून हिंडल्या.

पहिल्या मुलाखतीतलं ते साखरवालं घर मी मुद्दाम महिना-दीड महिना टाळलं होतं. तिथं जायची लाज वाटत होती. एका सकाळी धीर करून गोठ्यात जाऊन उभी राहिले, तर म्हशीनं दूधच चोरलं. परकं माणूस बघून ती पान्हवेना. त्या घरच्या बाईचा सगळा खोळंबा झाला. "परत येऊ नका मॅडम, बुजतीया ती," म्हणाल्या आणि रिकामी किटली घेऊन आत गेल्या. मी तरीही संध्याकाळी गेले. मग त्यांनी दावणीच्या खुंटीवरचं आपलं जुनं लुगडं माझ्या अंगावर टाकलं. "ह्ये गुंडाळा. माझाच वास येतोय न्हवं का तिला." म्हशीनं मान वळवून माझा वास घेतला आणि वैरणीत तोंड घातलं. थोड्या वेळानं किटलीत धारेचा आवाज सुरू झाला.

मी काहीच विचारलं नाही. गप्प उभी राहिले. कठीण गेलं मला ते, मी बोलघेवडी बाई. बऱ्याच वेळानं, वर न बघता, त्याच बोलायला लागल्या. 'मॅडम' कधी गळालं आणि 'तू' कधी आलं, त्यांनाही कळलं नसावं.

"इकायची म्हणत्यात हिला. मला कोण इचारलंय? गाभण हाय ती. इकायची न्हाई म्हणतोय मी, पर ऐकतंय कोण." धार काढतच होत्या. "मागल्या खेपंला तू आलतीस न्हवं, तवा आतच हुतो की मी. भितीपल्याड. समदं ऐकाय येत हुतं. 'दोघांनी मिळून ठरवलं ना' म्हणालीस तू, ह्येनी व्हय म्हणालं. मला वाटलं, हिला बी त्येच पायजे आसंल."

मी तिथंच उभी होते, त्यांचं लुगडं अंगावर घेऊन. मोबाइल खिशात चालू होता, त्यांना सांगूनच चालू केला होता. रडू आलं ते मी दाबलं, कारण म्हैस बुजली असती.

पुढच्या बैठकीला मी डबा नेला नाही. नुसता लॅपटॉप घेऊन गेले आणि ही मुलाखत लावली. गोठ्यातल्या बाईंची परवानगी घेतली होती. "लाव की, मी काय खोटं बोललोय का?" असं म्हणाल्या होत्या. खोलीत धारेचा आवाज आणि त्यांचा आवाज, एवढंच होतं. 'हिला बी त्येच पायजे आसंल' झालं आणि मी बंद केलं. संदर्भवाले सर चष्मा पुसत होते. "कोष्टकं सगळी बदलावी लागतील," ते म्हणाले, पण या वेळी स्वल्पविरामाच्या सुरात नाही.

"व्हय," बावड्याच्या बाई म्हणाल्या. "पण मुलाखती अजून निम्म्याच झाल्यात. किती मुदत पायजे?"

सरांनी सवयीनं श्वास घेतला. "त्याचं असं आहे, सहा महि..." आणि थांबले. पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुम्हीच सांगा."

सहा महिने म्हटलं असतं तर त्यांच्या निवृत्तीआधी प्रबंध जमा झाला असता. उरलेल्या घरांना मी घाईघाईनं एकेकदा भेटले असते, काही जुन्या मुलाखती तशाच ठेवल्या असत्या, आणि खरं सांगते, कुणाला कळलंही नसतं. ते माझ्यासमोर बसले होते, पांढरा शर्ट, कडक इस्त्री, माझ्या प्रत्येक बैठकीला घालत तोच. माझ्यासाठी इतकी वर्षं जगाशी बोलणारा माणूस.

"एक वर्ष लागेल," मी म्हणाले.

आणि मग बोलतच राहिले. एका बाईला किती वेळा भेटावं लागतं, म्हैस ओळखीची व्हायला किती दिवस जातात, पहिल्यांदा सगळ्या 'ह्येनी म्हणतील ते' म्हणतात आणि चौथ्या-पाचव्या भेटीत काय म्हणतात. अडखळले, उलटसुलट सांगितलं, एका बाईचं दुसरीच्या नावावर घातलं, परत दुरुस्त केलं. सरांसारखं सुंदर एक वाक्य आलं नाही. पण कुणी मधे बोललं नाही. बावड्याच्या बाई सुद्धा नाहीत.

शेरा या वेळी सरांनी लिहिला. अहवाल पुढं ओढला, एक वर्षाची मुदतवाढ द्यावी असं स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि खाली सही केली. त्या सहीनं मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी राहिले नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. अहवाल त्यांनी संदर्भवाल्या सरांकडं सरकवला. पुढं मी या दुसऱ्या सरांच्याच नावावर जाणार होते.

बाहेर आले तर सर विभागाच्या पायरीवर उभे होते. माफ करा म्हणावं तर कशाबद्दल, आणि आभार मानावेत तर तेही त्या क्षणी खोटं वाटलं असतं. मी नुसतीच शेजारी जाऊन उभी राहिले. समोरच्या झाडाखाली पोरांची गाड्यांवर बसून टिंगलटवाळी चालली होती. सर तिकडं बघत होते.

"त्या बाईंनी म्हैस विकली का हो शेवटी?" त्यांनी विचारलं.

"नाही सर. आहे अजून. व्यायली."

"मग कुणी ठरवलं?"

इतक्या वर्षांत सरांनी मला खूप सांगितलं होतं. विचारलं असं हे पहिल्यांदाच. मी त्यांच्याकडं बघितलं, तर ते खरंच उत्तराची वाट बघत होते.

"घरात सगळे म्हणतात, मालकांनी."

"आणि?"

"व्यापारी न्यायला येणार त्याच्या आदल्या दिवशी बाई माहेरी निघून गेली. व्यापारी आला, तर म्हैस कुणाला जवळ येऊ देईना. नुसती हंबरत होती. धार काढायला गेले तर लाथा. व्यापारी म्हणाला, असलं जनावर नको आपल्याला. दोन दिवसांनी मालक स्वतः बायकोला आणायला गेले. येताना वाटेत म्हणाले, मी ठरवलंय, म्हैस ठेवायची."

सर हसले. मोठ्यानं हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. झाडाखालची पोरं वळून बघायला लागली. मग त्यांनी रुमालानं डोळे पुसले, रुमाल घडी घालून खिशात ठेवला आणि माझ्याकडं वळले.

"हे लिहा," ते म्हणाले. "हे असंच लिहा. लागू दे वेळ."